सात वर्षे की दीडशे वर्षे?
इंग्रजी अमदानीचा इतिहास शिकविताना

(वाशी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



इंग्रजांनी ह्या जिल्ह्यावर किती वर्षे राज्य केले, असा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारला, तर बहुतेक मुलांकडून एकच उत्तर येईल, ‘दीडशे वर्षे.’ परंतु धाराशिव जिल्ह्यापुरते पाहिले, तर इंग्रजांचा प्रत्यक्ष कारभार येथे अवघी सात वर्षे होता. तो १८५३ साली सुरू झाला व १८६० साली संपला. आणि तोही नळदुर्ग-धाराशिवकडच्या मुलखात. त्याआधी व त्यानंतर हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यातून तो मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी.

मग विद्यार्थ्याचे उत्तर चुकले काय? तसेही म्हणता येत नाही. १७९८ साली निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह पक्का केला. तेव्हापासून १९४७ साली इंग्रज जाईपर्यंत हैदराबादच्या गादीमागे रेसिडेन्सीचा हात होताच. ते अंतर जवळजवळ दीडशे वर्षांचे भरते. गावच्या चावडीत बसून मोजले तर सात वर्षे, हैदराबादच्या रेसिडेन्सीतून मोजले तर दीडशे. दोन्ही उत्तरे खरी आहेत. मात्र मोजणारा कोठे उभा आहे, हे उत्तराबरोबर सांगितले पाहिजे. इंग्रजी अमदानीचा इतिहास निरनिराळ्या दृष्टींनी शिकविणे म्हणजे एवढेच, आणि त्यासाठी लागणारी साधने ह्या जिल्ह्यातच आहेत.

खर्ड्याचे रण

वाशीच्या पश्चिमेस, जिल्ह्याची हद्द ओलांडताच, जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. ११ मार्च १७९५ रोजी तेथे मराठे व निजाम यांची लढाई झाली. मराठी मुलाला ती विजयाची कथा म्हणून ठाऊक असते. शिंदे, होळकर, भोसले असे सारे सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आले, तो हा शेवटचा मोठा प्रसंग होय.

परंतु हीच लढाई हैदराबादेतून कशी दिसली असेल? तेथे ती केवळ पराभवाची नव्हती, तर एकाकी पडल्याची आठवण होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने ह्या युद्धात तटस्थ राहण्याचे ठरविले व निजामास मदत दिली नाही. त्यामुळे निजामाचा ओढा फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या पलटणींकडे अधिकच वाढला. पुढे आलेल्या वेलस्लीला त्या फ्रेंच पलटणींचीच धास्ती वाटली, आणि १७९८ साली त्या मोडून त्यांच्या जागी इंग्रजांची फौज बसविण्यात आली. म्हणजे पुण्याच्या दृष्टीने जो विजय, तोच तीन वर्षांत इंग्रजांना दक्षिणेत पाय रोवण्यास निमित्त झाला. इकडे सवाई माधवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले आणि पुण्याच्या दरबारातील कलहात विजयाचे बहुतेक फळ हातचे गेले.

चौथी दृष्टी उरते ती भोवतालच्या शेतकऱ्याची. मार्च महिना म्हणजे रब्बीच्या सुगीचे दिवस. दोन प्रचंड फौजा, त्यांचे घोडे, हत्ती व बैल ज्या शिवारांत उतरले, त्या शिवारांतील ज्वारीचे व कडब्याचे काय झाले असेल, हा प्रश्न पाठ्यपुस्तक विचारीत नाही. शेतकऱ्याचा मुलगा मात्र तो तत्काळ समजतो.

१८५३ चा तह

आता ज्या सात वर्षांचा प्रारंभी उल्लेख आला, त्यांकडे वळावे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील एक मोठे सैन्य, ज्याला कंटिंजंट म्हणत, निजामाच्या खर्चाने ठेवलेले होते. त्याचा पगार थकला, कंपनीने तो स्वतःच्या तिजोरीतून दिला आणि निजामाच्या नावे कर्ज मांडले. लॉर्ड डलहौसीच्या काळात त्या कर्जाचा तगादा लागला, आणि मे १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूर दोआब व नगर-सोलापूरच्या सीमेवरील धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली देण्याचा तह झाला.

इंग्रजी कागदपत्रांतून पाहता हा साधा देण्याघेण्याचा व्यवहार दिसतो. देणेदाराने रक्कम दिली नाही, म्हणून त्याचा मुलूख कारभारासाठी घेतला. खर्च वजा जाता उरेल ते उत्पन्न त्यास मिळावयाचे होते. हैदराबादच्या बाजूचे म्हणणे वेगळे होते. १८०० सालच्या तहात युद्धप्रसंगी सैन्य देण्याचे वचन होते. शांततेच्या काळात परक्या अधिकाऱ्यांचे सैन्य कायम पोसण्याचे नव्हते. तेव्हा मुळात देणेच जर संशयास्पद, तर त्यापोटी घेतलेला मुलूख न्याय्य कसा? तहानंतर थोड्याच दिवसांत हैदराबादचे दिवाण सिराज-उल-मुल्क वारले व त्यांचे तरुण पुतणे सालारजंग हे दिवाण झाले. वऱ्हाड परत मिळावे म्हणून सालारजंगांनी पुढे वर्षानुवर्षे प्रयत्न केले. तथापि ते मिळाले नाही. धाराशिवकडचा मुलूख व रायचूर दोआब मात्र १८६० च्या तहाने परत देण्यात आला आणि सुमारे ५० लाखांचे कर्जही सोडण्यात आले. १८५७ च्या धामधुमीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचे ते पारितोषिक होते.

ह्या साऱ्या देवघेवीत येथील रयतेला कोणी विचारले काय? एका सहीने गाव इंग्रजांकडे गेले, दुसऱ्या सहीने निजामाकडे परतले. आपले गाव त्या सात वर्षांच्या मुलखात होते काय, हे जुन्या दप्तरांतून, इनामाच्या सनदांतून व वृद्धांच्या सांगण्यातून शोधणे हा विद्यार्थ्यांसाठी पहिला व अत्यंत उपयुक्त स्वाध्याय ठरेल.

टेलर साहेबाची साक्ष

ह्या मुलखाच्या कारभारावर जो अधिकारी आला, त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. तो १८५३ पासून १८५७ पर्यंत नळदुर्ग येथे होता. जन्माने इंग्रज, परंतु नोकरी निजामाची. अगदी तरुण वयात तो तुळजापूरच्या परिसरात पोलीस अधिकारी म्हणून राहिलेला होता. लोकांची भाषा त्याला येत होती. नळदुर्गच्या मुलखात त्याने जमिनीची मोजणी हाती घेतली व रस्त्यांची कामे चालविली. त्याच्या ‘तारा’ ह्या १८६३ सालच्या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे, आणि त्याने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले हिंदुस्थानच्या इतिहासाचे पुस्तकही १८७० साली प्रसिद्ध झाले. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली प्रकाशित झाले. लोक ‘महादेवबाबा’ म्हणून आपला जयजयकार करीत, असे त्याने त्यात नमूद केले आहे.

अशा साक्षीचे काय करावे? एक मार्ग असा की, साहेब स्वतःच सांगतो तेव्हा सारे खरेच असणार, असे मानावे. दुसरा मार्ग असा की, तो परका राज्यकर्ता, म्हणून सारे खोटे, असे म्हणून पुस्तक मिटावे. दोन्ही मार्ग आळशाचे आहेत. टेलर प्रामाणिक व रयतेविषयी कळवळा असलेला अधिकारी होता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. मक्तेदार तालुकदार आणि वसुलीसाठी पाठविलेले हत्यारबंद लोक यांच्या जाचातून सुटलेल्या कुणब्याला ठरावीक आकार व मोजलेली जमीन हा दिलासा वाटला असेल, यात नवल नाही. परंतु जयजयकाराची साक्ष देणारा तोच आणि ज्याचा जयजयकार झाला तोही तोच, हे विसरता कामा नये. जयजयकार करणाऱ्याने घरी जाऊन काय म्हटले, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

टेलरच्याच आयुष्यातील एक प्रसंग ह्या दृष्टीने फार बोलका आहे. नळदुर्गास येण्यापूर्वी तो सुरपूर ह्या संस्थानावर नेमलेला होता. तेथील अल्पवयीन राजा व्यंकटप्पा नायक त्याच्या देखरेखीखाली वाढला. राजा त्याला बापाच्या ठिकाणी मानी. १८५८ च्या प्रारंभी ह्याच राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, पकडला गेला, शिक्षा झाली, आणि बंदिवासाकडे नेले जात असता वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. टेलरला ह्याचे मनापासून दुःख झाले. तथापि राजाचे बंड त्याला बहकलेल्या मुलाच्या चुकीसारखेच दिसले. आज कर्नाटकात त्या राजाचे स्मरण स्वातंत्र्यवीर म्हणून केले जाते. माया खरी होती, अश्रू खरे होते. तरीही पाहणारा ज्या खुर्चीवर बसला होता, त्या खुर्चीने त्याला एक गोष्ट पाहू दिली नाही. मोठ्या मुलांना हा एक प्रसंग समजला, तर पूर्वग्रह म्हणजे दुष्टपणाच असतो असे नाही, हे त्यांच्या ध्यानी येईल.

नाव कोणी ठेवले?

दृष्टिकोनाचा हा विचार केवळ पांडित्याचा नाही. त्याचा परिणाम वर्गातील शेवटच्या ओळीत बसलेल्या मुलापर्यंत पोहोचतो.

टेलरची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे १८३९ सालची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. ठगांची टोळी, त्यांची गुप्त खूण, त्यांचा रुमाल, ह्यांची वर्णने विलायतेत आवडीने वाचली गेली. वाटसरूंना लुटणारे व मारणारे लोक होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १८३६ च्या कायद्याने विशिष्ट गुन्हा शाबीत न होता केवळ ठगांच्या टोळीशी संबंध असणे हेच जन्मठेपेच्या शिक्षेस पुरेसे ठरले. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि संबंध जातीच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था अन्य प्रांतांतही पसरली. सोलापुरास अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत, म्हणजे सेटलमेंट, उभी राहिली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले.

कायदा गेला, शब्द मात्र राहिला. वाशी-कळंबच्या परिसरात पारध्यांची वस्ती आहे. त्या वस्तीवरील मूल शाळेत येते, आणि वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली की सर्व डोळे प्रथम त्याच्याकडे वळतात. ते डोळे मुलांचे असले, तरी त्यांतील संशय दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदावरून आलेला आहे. ज्या शिक्षकाला हा इतिहास ठाऊक आहे, तो त्या क्षणी वर्गाला थांबवू शकतो. ज्याला ठाऊक नाही, तो नकळत त्याच कायद्याची अंमलबजावणी करीत राहतो. इतिहासाच्या तासाचे मोल परीक्षेतील गुणांपेक्षा येथे अधिक कळते.

बार्शीचा बाजार

बार्शी तालुका मुंबई इलाख्यात, म्हणजे खालसा मुलखात होता. वाशी, भूम, परंडा मोगलाईत. बाजारासाठी पलीकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला वाटेत करोडगिरीचा नाका लागे. अलीकडे हाली रुपया चाले, पलीकडे कलदार. अलीकडच्या सरकारी शाळेत उर्दूचा बोलबाला, पलीकडे मराठी शाळा. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेचा पहिला फाटा सुरू झाला व १९११ साली ती गाडी लातुरास पोहोचली. ह्या रेल्वेकडे कंपनीच्या भागीदाराने नफा म्हणून पाहिले, अडत्याने बाजारपेठ म्हणून, पंढरपूरच्या वारकऱ्याने सोय म्हणून. आणि बैलगाडीवर भाडे करणाऱ्याने कदाचित पोटावर आलेला पाय म्हणून पाहिले असेल. ‘इंग्रजांनी रेल्वे आणली’ ह्या एका वाक्याच्या पोटात एवढी माणसे आहेत.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी बार्शीत तिरंगा फडकला, तेव्हा वाशीत निजामाचा अंमल चालूच होता. म्हणून ह्या सीमेवर एका घरातील सुनेचे माहेर स्वतंत्र आणि सासर परतंत्र, अशी तेरा महिन्यांची विलक्षण स्थिती होती. ह्या काळाच्या आठवणी सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. जी आहेत, त्यांच्याकडून विद्यार्थ्यांनी त्या आदराने ऐकाव्यात व तारखेसह लिहून ठेवाव्यात. मात्र येथेही एकाच दारी जाऊन थांबू नये. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेली घरे ह्या जिल्ह्यात आहेत. तशीच पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेत निरपराध माणसे गमावलेली घरेही आहेत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचा, म्हणजे ह्याच जिल्ह्याचा, उल्लेख केला होता. निजामाच्या राज्याचा इतिहास सांगताना शेजारच्या बाकावरील मुसलमान विद्यार्थ्याने मान खाली घालावी, असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून निघू नये.

आधी कोणी केले?

हे काम नवे नाही. साताऱ्यास अधिकारी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि त्याचे मराठी भाषांतर शाळांतून शिकविले जाऊ लागले. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या तरुणाने त्या ग्रंथावर टीका लिहून त्यातील उणिवा दाखविल्या. साधने तपासा, हा त्याचा आग्रह होता. त्याच वाटेने पुढे राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली. इकडे जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या १८८३ सालच्या ग्रंथात कुणब्याच्या बांधावरून इंग्रजी कारभाराकडे पाहिले, आणि त्यांना साहेबाइतकाच साहेबाच्या कचेरीतील एतद्देशीय कामगारही दिसला. विष्णुभट गोडसे ह्या गरीब भिक्षुकाने १८५७ च्या धामधुमीचा डोळ्यांदेखतचा वृत्तांत लिहिला. तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. हे सारे मराठी लेखक होते. पण त्यांपैकी कोणा दोघांची दृष्टी एक नाही. ‘इंग्रजांची बाजू’ जशी एक नसते, तशी ‘आपली बाजू’ही एक नसते.

वर्गातील पद्धती

प्राथमिक शाळेत हे कसे साधावे? त्यासाठी खर्चाचे साहित्य लागत नाही.

(१) फळ्यावर चार रकाने आखावेत: कंपनी सरकार, हैदराबाद दरबार, गावचा पाटील-कुलकर्णी, आणि कूळ. १८५३ च्या तहाची हकीकत सांगून, प्रत्येक रकान्यात ‘ह्याला काय मिळाले? ह्याचे काय गेले?’ एवढे दोनच प्रश्न मुलांकडून भरून घ्यावेत. जो रकाना रिकामा राहील, त्याविषयी अधिक बोलावे.

(२) पाठातील कोणतेही वाक्य घेऊन चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी: हे कोणी सांगितले? केव्हा? कोणासाठी? काय सांगावयाचे राहिले?

(३) शब्दांची अदलाबदल करून पाहावी. ‘बंड’ व ‘स्वातंत्र्ययुद्ध’, ‘बंदोबस्त’ व ‘दडपशाही’, ‘संरक्षण’ व ‘ताबा’. शब्द बदलताच घटना बदलली काय, की केवळ पाहणारा बदलला, हे मुलांनी सांगावे.

(४) नळदुर्गची सहल बहुतेक शाळा काढतात. पाणीमहाल पाहून झाल्यावर किल्ल्याच्या तटावर मुलांना क्षणभर बसवावे व येथे अनुक्रमे कोणाकोणाचा अंमल होता, ते त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

दोन सूचना

पहिली सूचना अशी की, दृष्टी अनेक असल्या तरी घटना एकच असते. तहाची तारीख, कलमे, सालवार घडामोडी ह्या कोणाच्या मतावर अवलंबून नाहीत. ‘ज्याचे त्याचे खरे’ असे म्हणून सोडून देणे हा इतिहास नव्हे. ज्या बाजूला कागदाचा व अनुभवाचा अधिक आधार, ती अधिक ग्राह्य, हे मुलांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अन्यायाला अन्याय म्हणण्यास कचरू नये. मात्र म्हणण्यापूर्वी पुरावा पाहावा.

दुसरी सूचना शिक्षकाने स्वतःसाठी लक्षात ठेवावी. शिक्षकही कोठेतरी उभा असतो. त्याची जात, त्याचे गाव, त्याच्या घरातील आठवणी ह्यांच्या खिडकीतूनच तोही पाहतो. एखाद्या विद्यार्थ्याने घरी ऐकलेली वेगळी हकीकत वर्गात सांगितली, तर ‘पुस्तकात असे नाही’ म्हणून त्याला खाली बसवू नये. ती हकीकत फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहावी आणि तपासण्याचे काम साऱ्या वर्गाकडे सोपवावे.

ह्याच जिल्ह्यात हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे अध्यापन करणारे एक तरुण शिक्षक पुढे स्वामी रामानंद तीर्थ ह्या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. परसत्तेच्या काळात, साध्या खेड्यातील शाळेत, मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास शिकविणे किती दूरवर जाते, याचे हे उदाहरण आहे. आज सत्ता परकी नाही, शाळेच्या दारावर कोणाचा पहारा नाही. म्हणून पुढच्या वेळी ‘इंग्रजांनी ह्या जिल्ह्यावर किती वर्षे राज्य केले?’ हा प्रश्न वर्गात निघेल, तेव्हा उत्तर सांगण्याची घाई न करता शिक्षकाने मुलांनाच विचारावे: ‘मोजणारा कोठे उभा आहे?’